पहाटेचे घावणे आणि अलाबामाचे थ्री: मालवण धक्क्याजवळचं एक हॉटेल

पाचपैकी पाच. मालवणात पहाटे गरम खायला मिळणारी ठिकाणं मोजकीच. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा सामना चार माणसांत बसून बघता येईल असं ठिकाण तर माझ्या माहितीत अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात हे एकच. दोन्ही गोष्टी एका छपराखाली मिळतात आणि दोन्ही उत्तम मिळतात, म्हणून सविस्तर लिहिते.

धक्क्याकडे उतरताना, सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्यांपाशी पोचायच्या थोडं अलीकडे, उजव्या हाताला निळ्या पत्र्याची पडवी दिसेल. पाटी नाही. बाहेर दोन लाकडी बाकं, आत सहा टेबलं आणि समोरच्या भिंतीवर ४३ इंची टीव्ही. हॉटेल नवराबायको मिळून चालवतात. सगळी गिऱ्हाइकं त्यांना काका-काकी म्हणतात, मीही म्हणते. पहाटे चारला गॅस पेटतो, कारण समुद्रावरून परतणारे आणि समुद्रावर निघणारे, दोन्ही खलाशी त्याच वेळेला चहाला येतात. म्हणजे हॉटेल बास्केटबॉलसाठी लवकर उघडत नाही. ते उघडंच असतं, बास्केटबॉल नंतर आलं.

आलं ते काकांच्या भाच्यामुळे. तो टस्कलूसाला अलाबामा विद्यापीठात शिकायला गेला आणि पहिल्याच थंडीत त्याने मामाला किरमिजी रंगाची टोपी पाठवली. मग सामन्यांच्या वेळा कळवायला लागला. आता नोव्हेंबर ते एप्रिल काका ती टोपी घालूनच गल्ल्यावर बसतात. पैसे भरून घेतलेल्या एका ॲपवरून सामना टीव्हीवर लागतो. वेळेचं गणित सोपं आहे. तिकडे संध्याकाळी होणारे सामने आपल्याकडे पहाटेपासून सकाळी साडेनऊपर्यंत येतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, त्यामुळे ऐन महत्त्वाचे सामने आपल्याकडे तासभर आधी सुरू होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळाने संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्या साडेपाचला, आणि मार्चच्या शेवटी साडेचारला. मासेमारीच्या गावाला ही वेळ अगदी सोयीची आहे.

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळले आणि आता माझी मुलगी खेळते. आम्ही दोघी भरडावरून चालत जातो. बायकांनी त्या वेळेला तिथे बसावं की नाही असं कोणाला वाटत असेल तर निःशंक जा. काकींचं पूर्ण हॉटेलावर लक्ष असतं. भिंतीलगतचं टेबल त्या मुलींसाठी अडवून ठेवतात. मागचं स्वच्छतागृह साधं आहे, पण धुतलेलं असतं.

आता ज्या संघासाठी तिथे एवढी गर्दी होते त्याबद्दल. अलाबामा हे मूळचं अमेरिकन फुटबॉलचं विद्यापीठ. बास्केटबॉलमध्ये कॉलेजांच्या दर मार्चमधल्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत शेवटच्या चार संघांत त्यांनी पहिल्यांदा धडक मारली ती थेट २०२४ साली. नॉर्थ कॅरोलायनाला ८९-८७ ने आणि मग क्लेम्सनला ८९-८२ ने हरवून ते तिथवर गेले. उपांत्य सामन्यात पुढे विजेते ठरलेल्या कनेक्टिकटने त्यांना ८६-७२ ने रोखलं. पण या संघावर लोक जीव टाकतात ते ट्रॉफीसाठी नाही, खेळायच्या पद्धतीसाठी. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत त्यांची सरासरी सामन्यामागे ९० गुणांच्या वर होती. कॉलेजचा सामना एनबीएपेक्षा, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगपेक्षा, आठ मिनिटांनी लहान असतो, वीस-वीस मिनिटांचे दोनच भाग. शॉट घ्यायला २४ ऐवजी ३० सेकंद मिळतात, म्हणून बरेच संघ बॉल फिरवत बसतात. त्यात दर सामन्याला नव्वद म्हणजे काय वेग असेल याचा अंदाज बांधा.

त्यांचे प्रशिक्षक नेट ओट्स. कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये येण्याआधी ते मिशिगन राज्यातल्या रोम्युलस हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे आणि तिथलाच संघ सांभाळायचे. हे मला कळलं तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही. त्यांचा सगळा ऑफेन्स, म्हणजे गुण मिळवायची पद्धत, एका हिशोबावर उभा आहे, आणि तो हिशोब नववीतल्या मुलालाही करता येतो. बास्केटसमोरच्या अर्धगोल रेषेबाहेरून पडलेल्या शॉटला, म्हणजे थ्रीला, तीन गुण मिळतात आणि आतून पडलेल्याला दोन. या तीनच्या रेषेच्या जेमतेम आतून शंभर शॉट मारले आणि चाळीस पडले, तर गुण ८०. तेच दोन पावलं मागे जाऊन रेषेबाहेरून मारले आणि पस्तीसच पडले, तरी गुण १०५. बास्केटच्या अगदी खालून साठ पडले तर १२०. म्हणजे मधला लांबचा दोनाचा शॉट हा सगळ्यात तोट्याचा. अलाबामाची मुलं तो जवळजवळ घेतच नाहीत. थ्री, ले-अप (बास्केटपाशी जाऊन टाकलेला), फ्री थ्रो (फाउलनंतर कोणी न अडवता मारायचा), बाकी काही नाही.

ऐकायला हे कोरडं वाटेल. बघायला अजिबात नाही. रिबाउंड, म्हणजे चुकून परत आलेला बॉल, हातात आला की बॉल ज्याच्याकडे असेल तो धावत सुटतो, बाकीचे दोन्ही कोपरे गाठतात. बचाव करणारा मध्ये आत ओढला गेला की पास बाहेर, आणि बाहेर उभा असलेला पायांची जुळवाजुळव आधीच करून बसलेला असतो. सामना पहिल्यांदाच बघणाऱ्या एका रापणकराने (रापणीचं जाळं ओढणाऱ्याने) पाचच मिनिटांत जे सांगितलं ते मी वर्गातही सांगते: "मधी कोणच नाय, सगळे कडेक उभे. वाट मोकळी ठेवल्यानी." या ऑफेन्सचं मर्म याहून नेमक्या शब्दांत मी ऐकलेलं नाही. कडेला उभे राहणारे धोकादायक असतात म्हणून मधली वाट उघडते, आणि मधली वाट उघडी असते म्हणून कडेचे मोकळे राहतात.

ओट्स यांची अजून एक गोष्ट काकांना फार आवडते. सुटा बॉल मिळवणं, पासला हात लावणं, अंगावर धक्का घेऊन समोरच्याचा फाउल काढणं, अशा कष्टाच्या कामांचे ते वेगळे गुण मोजतात. ज्याचे सर्वांत जास्त, त्याला बांधकामावर घालतात तसलं हेल्मेट मिळतं. हॉटेलात ज्या मुलाने त्या दिवशी सगळ्यांच्या कपबशा उचलून ठेवल्या त्याला काका आपली किरमिजी टोपी सामना संपेपर्यंत घालायला देतात. आमच्या कॉलेजच्या पोरांत त्या टोपीसाठी चुरस असते, आणि टेबलं स्वच्छ राहतात.

सेवेबद्दल मुद्दाम लिहायला हवं, कारण इतका विचार मी मोठ्या हॉटेलांतही पाहिलेला नाही. कॉलेजच्या टीव्हीवरच्या सामन्यात प्रत्येक भागात १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा जाहिरातींची विश्रांती असते. काकींनी हे वेळापत्रक हेरून ठेवलंय. खेळ चालू असताना तव्यावर घावणा पडतो, विश्रांती लागली की ताटल्या बाहेर येतात. पडद्यासमोरून कोणी जात नाही. मध्येच कोणी चहा मागितला तर उत्तर ठरलेलं: "जरा थांब गो, टाइमआउट येवंदे." खलाश्यांना मात्र हा नियम नाही. त्यांना बाहेरच्या बाकावर लगेच मिळतं, कारण त्यांची भरतीची वेळ टाइमआउटसाठी थांबत नाही. दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं सांभाळायची ही रीत मला फार समजूतदारपणाची वाटते.

खाण्यात घावणे पहिल्या नंबरावर. तांदूळ रात्री भिजवून पहाटे वाटलेला, पीठ पातळ, जाळी बारीक, कडा कुरकुरीत नाहीत आणि तशा त्या नसाव्यातच. चटणी ओल्या खोबऱ्याची, मिरची बेताची. दोन घावणे आणि चटणी पन्नास रुपये. काळ्या वाटाण्याची उसळ असते, त्या दिवशी आंबोळी घ्या, उसळीचा रस आंबोळीतच मुरतो. उसळीत भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण असतं, तयार मसाल्याचा वास कुठेच येत नाही. चहा बारा रुपये, आलं ठेचून. कॉफी घेऊ नका, ती पाणचट असते आणि काकींचाही तीत जीव नाही. बटाटावडा सातनंतर मिळतो, बरा आहे.

आता २८ मार्च २०२५ ची पहाट. शुक्रवार होता. तिकडे गुरुवारची संध्याकाळ, गाव न्यूअर्क, न्यू जर्सी. शेवटच्या सोळांतला सामना, समोर युटाहचं ब्रिगम यंग विद्यापीठ. पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू झाला. आत कॉलेजची सात-आठ पोरं, आम्ही दोघी, बाहेर नेहमीचे खलाशी. अलाबामाचा मार्क सीअर्स हा सहा फूट एक इंचाचा डावखुरा गार्ड (बॉल खेळवत पुढे नेणारा), कॉलेजच्या मापाने बुटकाच. त्याआधीचे काही सामने त्याचा हात बसत नव्हता. त्या पहाटे बसला. पहिला पडला, दुसरा पडला, मग त्याच्या सवंगड्यांचे, होलोवेचा, यंगब्लडचा. काकी तव्यावरून मान वळवून म्हणाल्या, "अगो, परत घातल्यान!" आणि पुढे जवळजवळ पूर्ण सामना हेच वाक्य.

हॉटेलातलं वातावरण मध्यंतरापर्यंत पार बदललं होतं. बाहेरचे खलाशी आत आले. ज्यांना तीनची रेषा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं ते बोटांवर मोजायला लागले. माझ्या मुलीने भिंतीवरच्या मेनूच्या फळ्याचा खालचा कोपरा पुसून तिथे खडूने रेघा ओढायला घेतल्या, पाचाची एक गाठ, अशा. काका काही बोलले नाहीत, उलट नवा खडू काढून दिला. दुसऱ्या भागात चौथी गाठ पूर्ण झाली तेव्हा मी उभी राहिले, कारण मला माहीत होतं की या स्पर्धेत एका सामन्यात एका संघाच्या थ्रीचा विक्रम २१ चा आहे.

तो विक्रम कोणाचा होता हे मी पोरांना तिथेच सांगितलं आणि इथेही सांगते, कारण वेगवान ऑफेन्सवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला लोयोला मेरीमाउंट माहीत असायला हवं. लॉस एंजेलिसमधलं छोटं कॉलेज, प्रशिक्षक पॉल वेस्टहेड. बॉल हातात आला की काही सेकंदांत शॉट, समोरच्याला धावून धावून दमवायचं, एवढीच योजना. १९८९-९० च्या हंगामात त्यांनी सामन्यामागे १२२.४ गुणांची सरासरी काढली. पहिल्या श्रेणीत, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, एवढी सरासरी आजवर कोणत्याही संघाला गाठता आलेली नाही. त्यांचा हँक गॅदर्स त्याच्या आधीच्या हंगामात गुणांतही आणि रिबाउंडमध्येही देशात पहिला होता. ४ मार्च १९९० रोजी सामना चालू असताना तो मैदानावर कोसळला आणि गेला. वय २३. हृदयाचे ठोके बिघडण्याचा त्रास होता. दोन आठवड्यांनी त्याचे सवंगडी आधीच्या वर्षीच्या विजेत्या मिशिगनसमोर उभे राहिले आणि १४९-११५ ने जिंकले. त्या सामन्यात त्यांचे २१ थ्री पडले, त्यातले ११ एकट्या जेफ फ्रायरचे. गॅदर्स फ्री थ्रो सुधारावेत म्हणून डाव्या हाताने मारायला लागला होता. त्याचा लहानपणापासूनचा सोबती बो किंबल त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यातला पहिला फ्री थ्रो त्याच्या आठवणीसाठी डाव्या हाताने मारायचा, आणि ते सगळे पडले. शेवटच्या आठांत नेवाडा लास वेगास विद्यापीठाने त्यांना १३१-१०१ ने हरवलं.

तर ३५ वर्षं टिकलेला तो २१ चा आकडा त्या पहाटे मालवणच्या फळ्यावर ओलांडला गेला. अलाबामा थांबलं २५ वर. ५१ मारले, २५ पडले. निकाल ११३-८८. त्या ११३ मधले ७५ गुण नुसत्या थ्रीचे, म्हणजे दोन तृतीयांश. एका थ्रीच्या प्रयत्नामागे जवळजवळ दीड गुण. मी फळ्यावर ७५ भागिले ५१ करून दाखवलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. भागाकाराला टाळ्या मी वर्गात कधी ऐकल्या नाहीत. सीअर्सचे ३४ गुण, दहा थ्री. फ्रायरच्या विक्रमी अकरापेक्षा एक कमी. शेवटच्या मिनिटांत तो बाकावर जाऊन बसला तेव्हा आमची पोरं पडद्याकडे हात करून "अजून एक, अजून एक" ओरडत होती. मला तो न पडलेला अकरावा आवडला. फ्रायरचं नाव राहिलं, आणि त्या जुन्या संघाची गोष्ट अजून कोणाला तरी सांगता येईल.

एक खलाशी जाताना म्हणाला, "ही पोरां चुकणतच नाय." खरं तर ५१ पैकी २६ चुकले होते. पण हा ऑफेन्स बघताना प्रत्येकाला हेच वाटतं, कारण चुकलेल्याचं दुःख करायला मधे वेळच मिळत नाही.

दोनच दिवसांनी, रविवारी सकाळी, ड्यूक विद्यापीठासमोर सगळं उलटं झालं. ८५-६५. ड्यूकची उंच, लांब हातांची मुलं रेषेपर्यंत धावून येत होती, सीअर्सला श्वास घेऊ देत नव्हती, आणि मारलेले थ्री पडत नव्हते. असा ऑफेन्स असणाऱ्या संघाच्या वाट्याला हा दिवस कधीतरी येतोच, हिशोबातच तो धरलेला आहे. मला ओट्स यांचं पटतं ते यासाठी की त्या दिवशीही त्यांच्या मुलांनी मधले भित्रे शॉट घ्यायला सुरुवात केली नाही. हॉटेलात मात्र सुतकी शांतता. काकींनी कोणी न मागता आंबोळ्या वाढल्या आणि बिलात लावल्या नाहीत. हे सगळ्यांना दर वेळी मिळेल असं समजून जाऊ नका. त्यांनी त्या दिवशी केलं, एवढंच नोंदवते.

उणिवा सांगायला हव्यात. बाकांना पाठ नाही, दोन तासांनी कंबर धरते. इंटरनेट कधी अडकतं. मग काका फोनवरून जोडतात, चित्र थोडं धूसर होतं. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे, पण तेव्हा पंखे बंद आणि टीव्ही चालू असा निर्णय ते घेतात. मार्चअखेरच्या उकाड्यात तो सगळ्यांना मानवेल असं नाही. समालोचन इंग्रजीत आणि आवाज कमी ठेवलेला, कारण बाहेर माशांच्या दराची बोलणी चाललेली असतात. डास आहेत. गाडी लावायला जागा धक्क्यावरच, आणि सकाळी आठनंतर पर्यटक आले की तीही नाही. यातल्या कशासाठीही मी तारा कापणार नाही. पन्नास रुपयांच्या घावण्यांत हे सगळं मिळतंय.

आणि मुलींचे सामने. याबद्दल मी काकांची आभारी आहे, कारण माझ्या मुलीने बास्केटबॉल मनावर घेतलं ते इथेच. २०२४ च्या वसंतात आयोवाची केटलिन क्लार्क खेळत होती तेव्हा काकांनी कोणी न सांगता मुलींचे सामनेही लावायला सुरुवात केली. २ एप्रिलच्या पहाटे आयोवाने एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) ९४-८७ ने हरवलं, क्लार्कचे ४१ गुण आणि नऊ थ्री. मधल्या वर्तुळाच्या जवळपासून मारायची ती. कॉलेजची कारकीर्द तिने ३,९५१ गुणांवर संपवली. पुरुष-बायका दोन्ही धरून पहिल्या श्रेणीत एवढे कोणाचेच नव्हते, पुरुषांतल्या पीट मॅराविचचे ३,६६७ तिने त्याच मार्चमध्ये मागे टाकले होते. काकींची आवडती खेळाडू अजूनही तीच. अलाबामाचा सामना चालू असतानाही कोणी लांबून मारला की त्या म्हणतात, क्लार्क याहून लांबून मारायची.

जायचं असेल तर हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीच्या एका सोमवारी, म्हणजे आपल्या मंगळवारी सकाळी, अंतिम सामन्याने संपतो. ती मोठी बाद स्पर्धा मार्चच्या मध्यापासून. त्या तीन आठवड्यांत आतलं टेबल हवं तर आदल्या संध्याकाळी काकींना तोंडी सांगून ठेवा, फोनवर त्या नोंद घेत नाहीत. यूपीआय चालतं, पण पहाटे सुट्टे पैसे असलेले बरे. उसळ पाच-सहा वाजेपर्यंत खलाशीच संपवतात, तेव्हा ती हवी असेल तर सामना सुरू व्हायच्या आधी पोचा.